घुमटाखालची पुस्तकं

त्रिशलाचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात जास्वंदीच्या आळ्यात पाणी सोडत होतो. पोस्टमननं फाटकावरूनच हात लांब केला. निळं आंतरदेशीय पत्र होतं. फोन तिच्याकडे होता, माझ्याकडेही होता. तरी तिनं पत्र लिहिलं होतं.

आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती माझी थोरली बहीण. माझी बायको गेल्यापासून घर तिनंच चालवलं.

"कुणाचं रे?"

"त्रिशलाचं."

"काय म्हणती पोरगी?"

"बरी आहे म्हणते."

पत्रात तसं काही नव्हतं. वर वेंगुर्ल्याचा पत्ता, मधे एक प्रश्न, खाली नाव. बाकी कागद कोरा. मी त्याची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पाणी सोडत राहिलो. आळं भरलं, पाणी फरशीवरून वाहत ओसरीच्या पायरीशी गेलं, तेव्हा आक्का ओरडली, "अरे सुकुमार, घर बुडवतोस का आता?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा पाठवलं नाही. त्याला आता बारा वर्षं होतील.

पत्र येण्याच्या आदल्या वर्षी आमच्या परसात एक भट्टी बांधली गेली. ती अजून आहे. जयसिंगपूरच्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ आहेत, घरं एका ओळीत; आमच्या घरामागं मात्र थोडी जास्तीची जागा सुटली आहे. तिथं आधी आक्काची दोरी होती, वाळवणाची आणि कपड्यांची.

एका रविवारी आम्ही तिघं जेवत होतो. त्रिशला म्हणाली, "आक्का, मी नोकरी सोडली."

हे ती आक्काला म्हणाली. माझ्याशी काही अवघड बोलायचं असलं की ती आक्काशी बोलायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो. ही पद्धत तिच्या लहानपणापासूनची.

"कुठली?" आक्कानं विचारलं, जशा काही तिच्याकडे चार नोकऱ्या होत्या.

"बँकेतली. काल राजीनामा देऊन आले."

"का? साहेब बोलला काय?"

"नांद्रेकर साहेब कशाला बोलतील? चांगले आहेत ते. मला पिझ्झा करायचाय."

"मग कर की! त्याला नोकरी कशाला सोडायला पाहिजे? रविवारी कर."

त्रिशला हसली. मग तिनं सगळं नीट सांगितलं. परसात विटांची, घुमटाची भट्टी बांधायची. लाकडावर तापवायची. मुलामुलींची वसतिगृहं जवळ आहेत, डॉक्टरांची वसाहत आहे, संध्याकाळी मागणी येईल. पीठ भिजवायला आणि भट्टी चालवायला ती पुण्याला सुट्ट्या घालून शिकून आली होती. आम्हाला वाटत होतं ती बँकेच्या परीक्षेसाठी जाते.

"म्हणजे बेकरीवाल्याची भट्टी," आक्का म्हणाली.

"तशीच. पण लहान. वरून गोल."

"आणि लग्न?"

"ते भट्टीत नाही घालायचं, आक्का."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी वरणभात कालवत होतो. मला बरंच म्हणायचं होतं. आठ वर्षांची कायमची नोकरी, पुढची बढती, मी गेल्यावर तिचं कसं होणार. पण मला वेळेवर कधी बोलता आलेलं नाही. माझी सगळी वाक्यं दुसऱ्या दिवशी तयार होतात.

"अण्णा," त्रिशला पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाली, "घुमट कसा बांधतात त्यावर तुमच्याकडे एखादं पुस्तक असेल ना?"

मी तीसएक वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक तर होतंच. पण तिला पुस्तक नको होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. ती मला सोबत घेत होती.

"बघतो," मी म्हणालो.

त्यानंतरचे दिवस मला लख्ख आठवतात, कारण मी त्यांत सुखी होतो. हे लिहितानाही संकोच वाटतो.

कमरेएवढा ओटा गवंड्याकडून बांधून घेतला. पुढचं आम्ही दोघांनी केलं. साधी वीट आच सोसत नाही म्हणून फौंड्रीत वापरतात त्या पिवळसर, जड विटा आणायच्या होत्या. त्या आणायला मी कोल्हापूरला गेलो. सकाळच्या एसटीनं निघालो आणि टेम्पोत विटांबरोबर बसून दिवेलागणीला परतलो.

"एवढा उशीर?" त्रिशलानं विचारलं.

"निवडून घेतल्या. कोपरे बघून."

तिनं एक वीट उचलली, फिरवली. "हिचा तर दोन्हीकडचा कोपरा उडालाय, अण्णा."

"एखादी राहते," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो.

घुमट उभा करायची रीत अशी, की ओट्यावर ओल्या वाळूचा ढीग करायचा, त्याला उलट्या कढईसारखा आकार द्यायचा, वर ओली वर्तमानपत्रं पसरायची आणि त्यावर विटांचे अर्धे तुकडे गोलगोल रचत न्यायचे. सगळ्यात वर एक वीट बसली की घुमट मिटतो. गारा सुकला की तोंडातून हात घालून सगळी वाळू काढून घ्यायची. मग खाली काही राहत नाही. एक वीट दुसरीवर रेलते, दुसरी तिसरीवर, आणि सगळा भार गोल फिरून ओट्यावर उतरतो. हे मी तिला पुस्तकातून वाचून दाखवलं. ती गारा कालवता कालवता ऐकायची. "परत वाचा," म्हणायची. मी परत वाचायचो.

वाळूचा ढीग घालायच्या दिवशी मी माळ्यावरून कॉलेजचे जुने वार्षिक अहवाल काढले. जाड पुठ्ठ्याचे, ग्रंथालयातून बाद केलेले. रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी घरी आणून ठेवले होते. प्लॅस्टिकमधे गुंडाळून त्यांची चवड मी ओट्याच्या मधोमध रचली.

"अण्णा! पुस्तकं? आणि तुम्ही?"

"बाद झालेली आहेत. मधे काहीतरी भरलं की वाळू कमी लागते."

"हे कुठल्या पानावर लिहिलंय?"

"हे माझं आहे."

तिला फार कौतुक वाटलं. ती गाऱ्यासाठी पाणी आणायला आत गेली तेवढ्यात मी चवडीवर एक फळी ठेवली आणि फळीवर सागवानी पाचर. किती उंच यायला हवी ते मी रात्रीच मोजून ठेवलं होतं. वाळूत ती दिसेनाशी झाली.

घुमटाची शेवटची वीट तिनं मला बसवायला लावली. गारा माझ्या मनगटावरून बाहीत गेला. आक्कानं वर हळदीकुंकू वाहिलं आणि दोन पावलं मागं होऊन बघितलं.

"बस्तीचं शिखर दिसतंय," ती म्हणाली. "आत देव तेवढा नाही."

आठवड्यानं वाळू काढायला घेतली. त्रिशला तोंडापाशी वाकून, खांद्यापर्यंत हात आत घालून ओंजळीनं वाळू ओढत होती आणि मी बादल्या नेऊन ओतत होतो. बरीचशी वाळू निघाल्यावर ती डोकं आत घालून, विजेरी लावून बघायला लागली.

"अण्णा." तिचा आवाज आतून घुमून आला. "पुस्तकांवर ही फळी कशाला?"

"असू दे."

"फळीवर पाचर आहे. वरच्या विटांना टेकलीय ती. चांगली आवळून बसलीय."

ती बाहेर आली. केसांत वाळू, भुवयांवर वाळू.

"वाळू वाचवायला म्हणालात."

"तू डोकं आत घालणार होतीस," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती खाली फतकल मारून बसली. आक्का स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? पडलं काय?"

"नाही गं! अण्णांनी घुमटाला खालनं कॉलेजचे अहवाल लावलेत!"

"मग बरं केलं की. एवढ्या विटा अधांतरी कशा राहतील? मी सांगते तुला, ते काढू नको."

"काढणार," त्रिशला डोळे पुसत उठली. तिनं हातोडी घेतली. "अण्णा, मधे टेकू ठेवला तर विटा एकमेकींवर रेलणारच नाहीत. तुम्हीच वाचून दाखवलंय. परत वाचा म्हटल्यावर परत वाचलंय."

"थांब, मी काढतो. तू बाजूला हो."

"नको. माझी भट्टी आहे."

तिनं हात आत घातला. मी डोळे मिटले. हातोडीचा एक ठोका ऐकू आला, दुसरा आला, मग लाकूड फळीवर पडल्याचा आवाज.

"उघडा आता."

घुमट होता तसाच होता. आक्कानं लांबूनच त्याला हात जोडले. तिची थोडी निराशाही झाली असावी.

त्या वेळी एक गोष्ट मी त्रिशलाला सांगू शकलो असतो. ती इतकी मोकळी हसली होती की त्या हसण्यात कदाचित तीही मावली असती. मी बादली उचलली आणि वाळू ओतायला गेलो.

भट्टी एकदम पेटवायची नसते. ओल आत असते, ती वाफ होऊन विटा फोडते. त्रिशलानं आठवडाभर रोज लहान जाळ केला, पहिल्या दिवशी नुसता कागद आणि काटक्या. मग पहिल्या खऱ्या तापवणीचा दिवस ठरवला. लोकांना बोलवायचं, खाऊ घालायचं, म्हणजे गावाला कळेल. वेळ पाचची ठेवली, कारण आक्का सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसे आणि पहिला पिझ्झा आक्कालाच द्यायचा असं त्रिशलाचं म्हणणं होतं.

"कोण कोण?" मी विचारलं.

"वसतिगृहाच्या रेक्टर बाई. दोघं डॉक्टर. शेजारच्या कुंभोजे वहिनी, नाहीतर त्या भिंतीवरनं बघणारच. आणि नांद्रेकर साहेब."

"भूपालला कशाला?"

"कशाला म्हणजे? माझे साहेब होते. तुमचे विद्यार्थी. मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. आणि मला कार्यमुक्तीचं पत्र अजून आलेलं नाही, तेही विचारायचंय. हेड ऑफिसला वेळ लागतो म्हणाले होते."

"एवढ्या लांबनं त्याला कशाला त्रास," मी म्हणालो.

"मी फोन केलासुद्धा. येतो म्हणाले. किती आनंद झाला त्यांना!"

पुढचे दिवस मी भूपाल नांद्रेकरला फोन करायचं ठरवत होतो. काय बोलायचं ते कागदावर लिहूनही काढलं. फोन केला नाही.

त्या दिवशी दुपारी दोनलाच तिनं बाभळीची लाकडं पेटवली. घुमट आतून काळाकुट्ट झाला. "आता हा काळा राहणार," ती जमलेल्यांना सांगत होती, "आणि पुरेसा तापला की काजळीच जळून जाणार. घुमट पांढरा झाला की समजायचं, भट्टी तयार." रेक्टर बाईंनी वाकून बघितलं आणि मुलींसाठी शनिवारी पन्नास लागतील असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्रिशलानं माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. कुंभोजे वहिनी आक्काला विचारत होत्या, "पण ह्याला पोळी म्हणायचं की भाकरी?" आणि आक्का म्हणाली, "दशमी समजा. परदेशात गेलेली."

भूपाल पेढ्यांचा पुडा घेऊन आला. तो वाकून माझ्या पाया पडला. मग तो त्रिशलाकडे गेला आणि तिच्यासमोर उभं राहून, आजाऱ्याला विचारतात तशा मऊ आवाजात म्हणाला, "कशी आहेस आता?"

"मजेत, साहेब. बघताय ना!"

"झोप लागते?"

"झोप?" ती हसली. "पडल्या पडल्या लागते. विटा उचलून बघा."

"छान. छान. घाई करायची नाही. तीन महिने लागू देत, सहा लागू देत. तुझी जागा कुठं जात नाही."

"माझी कुठली जागा?"

"बँकेतली. राजीनामा मी पुढं पाठवलेलाच नाही. रजेवर आहेस तू." त्यानं आवाज आणखी खाली आणला. पण काउंटरपलीकडच्या माणसांशी बोलण्यात जन्म गेलेला माणूस. त्याचा खालचा आवाजही परसभर ऐकू येत होता. "संकोच करू नकोस. माझ्या मेहुणीलाही असाच त्रास झाला होता. औषधं तेवढी मधेच सोडायची नाहीत. आणि हे असं हातानं काही करत राहिलं की मन ताळ्यावर राहतं. भट्टीचं डॉक्टरांनीच सुचवलं असेल ना?"

रेक्टर बाई हातातल्या रिकाम्या कागदी ताटलीकडे बघू लागल्या.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला, साहेब?" त्रिशलानं विचारलं.

भूपालनं माझ्याकडे बघितलं. "सर आले होते ना..." एवढं बोलून तो थांबला. तो भला माणूस होता. आपल्या हातून काय झालं ते त्याला वाक्याच्या मधेच कळलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त त्रिशला बघत नव्हती. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्या वेळी तयार होतं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची गरज नव्हती. मी खोटं बोललो होतो, एवढंच ते होतं.

मी म्हणालो, "भूपाल, उभा का? बस ना. पाणी घे."

त्रिशला भट्टीकडे वळली. वाकून तिनं आत बघितलं, बराच वेळ बघितलं.

"पांढरा झाला," ती म्हणाली. "टाकते पहिला."

लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून तिनं आक्काचा, बिनकांद्याचा, आत सरकवला. मग एकामागून एक सगळ्यांचे. एकही करपला नाही. भूपालला तिनं स्वतः नेऊन दिला. "गरम आहे, साहेब. जपून." लोक फार स्तुती करत होते. गरजेपेक्षा जास्त करत होते, आणि सगळे हळू आवाजात.

सूर्य मावळायच्या आत सगळे गेले. आक्का चूळ भरून आत गेली. त्रिशला ओट्यासमोरच्या स्टुलावर बसून निखारे पसरत होती.

"कधी गेला होतात?"

"विटा आणायला गेलो त्या दिवशी."

"विटा घ्यायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे ते सांगून, मग विटा घेऊन आलात. आणि माझ्याबरोबर भट्टी बांधलीत."

मी म्हणालो, "तुझी नोकरी राहावी एवढंच मनात होतं. उद्या हे चाललं नाही तर..."

"राहू दे. काय म्हणालात ते सांगा. जसंच्या तसं."

कोल्हापूरच्या शाखेतली ती केबिन. मी आत गेलो तेव्हा भूपाल उठून उभा राहिला होता. राजीनामा अडवून ठेवायला काही कारण लागेल सर, वैद्यकीय असलं तर मला करता येतं, असं तो म्हणाला. नंतर त्यानं उठून काचेचं दार लावून घेतलं. मला बोलायला अवघड जाऊ नये म्हणून.

"मी म्हणालो," मी त्रिशलाला सांगितलं, "हल्ली तिचं मन ठिकाणावर नाही. उपचार चालू आहेत."

तिनं मान हलवली. बँकेत ती रक्कम मोजून झाल्यावर हलवायची तशी. निखारे पसरून भट्टीच्या तोंडाला पत्रा लावला आणि आत जाऊन झोपली.

रेक्टर बाईंचे शनिवारचे पन्नास आले नाहीत. वसतिगृहाचे नियम बदलले म्हणाल्या. कुंभोजे वहिनींनी भिंतीपाशी आक्काला बोलावून विचारलं, औषधं चालू असताना विस्तवापाशी बसलेलं चालतं का. आक्कानं त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आक्का गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सुनावणार नव्हती. डॉक्टर पतिपत्नी दोनदा येऊन गेले. त्यांच्यातल्या डॉक्टर बाईंनी त्रिशलाला जाताना एका ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञाचा नंबर दिला, अगदी प्रेमानं.

"लोक माझ्या पिझ्झाला नावं ठेवत नाहीत, आक्का," एके दिवशी त्रिशला जेवताना म्हणाली. मी शेजारी होतो. "नावं ठेवतील तर बरं वाटेल. मीठ कमी आहे, कड जाड आहे, काहीतरी म्हणा की. सगळे नुसतं छान छान म्हणतात आणि परत येत नाहीत."

"तू म्हण की रे काहीतरी," आक्का माझ्यावर उसळली. "तोंड आहे ना तुला? जा की सगळ्यांकडे. सांग त्यांना."

मी जातो म्हणालो. चपला घालून फाटकापर्यंत गेलो. समोरून रेक्टर बाई येत होत्या. त्यांनी नमस्कार केला, मीही केला, आणि वाचनालयाच्या दिशेनं चालू लागलो.

तिनं राजीनामा पुन्हा पाठवला. या खेपेला रजिस्टर्ड, थेट हेड ऑफिसला. बँकेतल्या तिच्या एका मैत्रिणीचं वेंगुर्ल्याला घर होतं, बंदराच्या रस्त्यावर. तिथली शेड भाड्यानं मिळत होती. जाताना तिनं पिठाची पातेली नेली, फावडं नेलं. भट्टी नेता येत नाही. एसटीत बसण्याआधी ती आक्काच्या आणि माझ्या पाया पडली. माझ्या पाया पडली म्हणून मी रात्रभर जागा होतो.

चार-पाच महिन्यांनी ते निळं पत्र आलं. त्यातला प्रश्न असा होता:

अण्णा, तुम्हाला तेव्हा खरंच तसं वाटत होतं का?

हो म्हणून लिहिलं असतं तर मी सुटलो असतो. भित्र्या बापाला वाटलं, त्याचं चुकलं. पोरीच्या काळजीनं माणसाला काहीही वाटू शकतं. मग तिनं मला माफ केलं असतं. मला वाटतं तिनं मुद्दाम ती वाट ठेवली होती. मी कितीदा कागद घेतला आणि 'हो' लिहिलं. माझ्या अक्षरात ते इतकं खरं दिसायचं की मीच घाबरून कागद फाडायचो. आणि दुसरं उत्तर लिहायला हात उठत नव्हता.

ती येत राहिली. दिवाळीला, आक्काच्या मोतीबिंदूच्या वेळी. तिकडं तिचं बरं चाललं आहे. दोन भट्ट्या आहेत, सीझनला रांग लागते असं आक्का सांगायची. आम्ही दोघं पावसाबद्दल बोलायचो, गाड्यांच्या वेळांबद्दल बोलायचो. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

आक्का या चैत्रात गेली. त्रिशला येऊन सगळं करून परत गेली. त्यानंतर वाऱ्यानं आक्काच्या खोलीचं दार आपटायला लागलं. एका दुपारी मी ते अडवायला गेलो. दाराखाली सरकवायचं लाकूड तिथंच बाजूला पडलं होतं, आक्का रोज पायानं सरकवायची ते. मी वाकून उचललं. सागवानी होतं. एका अंगाला वाळलेला गारा चिकटलेला होता, पिवळसर. त्रिशलानं त्या दिवशी हातोडीनं पाडलेली माझीच पाचर आक्कानं दाराला लावली होती, आणि मी इतकी वर्षं तिच्यावरून ये-जा करत होतो.

मी टेबलाशी बसलो आणि पत्र लिहायला घेतलं. संध्याकाळपर्यंत पुष्कळ पानं झाली. तिची आई कशी अचानक गेली, मला कशाकशाची भीती वाटते, माझ्या वडिलांनी नोकरी गमावल्यावर घरात काय झालं, भूपालनंच कारण कसं सुचवलं. सगळं खरं होतं. वाचून बघितलं. प्रत्येक परिच्छेदात कुठंतरी 'पण' होता. 'पण' काढून टाकत गेलो आणि शेवटी काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो आणि एक कार्ड मागितलं. तिथंच, दोरीला बांधलेल्या पेननं लिहिलं.

चि. त्रिशला,
नाही. मला तसं कधीच वाटलं नव्हतं. तू पूर्ण शहाणी होतीस हे मला माहीत होतं. तरी मी तसं म्हणालो.
अण्णा

पत्ता पाठ होता. तरी पिनकोड बरोबर आहे का ते खिडकीतल्या मुलीला दाखवून विचारलं. तिनं पत्ता बघितला आणि सवयीनं कार्ड उलटं केलं. तिची नजर ओळींवरून गेली. तिचा चेहरा अवघडला.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "कार्ड उघडं जातं. वाटेत कुणीही वाचतं. घरचं असलं तर पाकीट देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "उघडंच जाऊ दे."

बाहेर येऊन मी कार्ड पेटीच्या तोंडात धरलं. हात आतच होता, बोटं उघडत नव्हती. मागं एक बाई राख्यांची पाकिटं घेऊन उभी होती. "आजोबा, अडकलं का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि सोडलं.